गावची शेती, मुंबईचे प्रश्न

मे महिन्यात या सदराची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रं चाकरमान्यांची असतात: गावी म्हातारे आई-वडील शेती कसतात आणि मुलगा किंवा मुलगी मुंबईतून मदत करायला बघते. यंदा कोकणातल्या भाताबद्दलचे प्रश्न जास्त होते, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

वडील ७४ वर्षांचे. संगमेश्वर तालुक्यात २२ गुंठे भाताची खाचरं, आयुष्यभर तेच कसतात. लावणीला माणसं मिळत नाहीत. मी भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीबद्दल वाचलं, पण बाबा म्हणतात, ‘राब भाजल्याशिवाय तरवा होत नाही.’ (राब म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा-शेण पसरून जाळणं, तरवा म्हणजे लावणीची रोपं.) जुलैत मला चार दिवसांची रजा मिळेल. पद्धत बदलावी का? (भांडुप)

यंदा पाच गुंठ्यांतच करून बघा, आणि तेही पाणी धरणाऱ्या खाचरात. वरच्या अंगाच्या, पाणी झिरपून जाणाऱ्या कोपऱ्यात ही पद्धत फसते. तिचा सगळा जीव खताच्या गोळीत आहे आणि गोळी चिखलातच काम करते.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नका. राब भाजला की तीन कामं एकदम होतात. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि सिलिका मिळते, आणि माती भुसभुशीत झाल्यामुळे तरवा उपटताना मुळं तुटत नाहीत. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेल्या चारसूत्रीत राबाच्या जागी, पहिलं सूत्र म्हणून, भाताच्या तुसाची काळी राख येते. तिच्यातून सिलिका भरपूर मिळते, पात ताठ होते, करपा आणि खोडकिडा यांना थोडा अटकाव होतो. तण मात्र तिने मरत नाही. राब सोडलात की तरव्यात एक बेणणी (तण काढणं) वाढली, असं धरून चाला. हे बाबांना आधी सांगितलंत तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

तूस गावच्या गिरणीत मिळतं. ढीग करून ते धुमसत ठेवा आणि काळं झालं की पसरून पाणी मारा. पांढरी राख होईपर्यंत जाळलंत तर त्यातली सिलिका रोपाला सहज मिळत नाही. पाच गुंठ्यांच्या लावणीला अर्धा गुंठा तरवा पुरतो. मीटर-सव्वामीटर रुंद आणि आठ-दहा सेंटीमीटर उंच गादीवाफे करा. दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मातीत मिसळा, म्हणजे सगळी मिळून २५ ते ५० किलो लागेल. बियाणं दीड किलो घ्या आणि ओळींत पेरा. फोकून पेरलंत तर रोपं दाटतात, बारीक राहतात आणि एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीनच लावायची हिंमत होत नाही.

दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया या झाडाचं). गुंठ्याला ३० किलो कोवळा पाला, म्हणजे पाच गुंठ्यांना दीडशे किलो. हा पाला लावणीच्या सहा-आठ दिवस आधी खाचरात पसरायचा आणि चिखलणीत गाडायचा. तुम्ही रजेवर येऊन आदल्या दिवशी पाला टाकलात तर तो कुजताना रोपांना त्रासच होईल. तेव्हा हे काम गावात कोणाला तरी आधीच नेमून द्या. बांधावर गिरिपुष्प नसेल तर यंदा पावसात हातभर लांबीच्या फांद्या खोचून ठेवा. पुढच्या वर्षांची सोय होईल.

तिसरं सूत्र नियंत्रित लावणीचं. नायलॉनच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर अशा आलटून पालटून खुणा करा. उभं अंतर आणि आडवं अंतर, दोन्ही याच मापाने ठेवा. खाचरात चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात आणि मधून पाऊल टाकायला वाट राहते. रोपं दोन ते चार सेंटीमीटर खोल, उभी लावा. सवयीने अंगठ्याने खोल दाबली जातात. अशा रोपाला फुटवे उशिरा आणि कमी येतात.

चौथं सूत्र युरिया-डीएपी ब्रिकेटचं, म्हणजे या दोन खतांच्या दाबून केलेल्या गोळीचं. गोळी २.७ ग्रॅमची असते. प्रत्येक १५ बाय १५ च्या चौकोनात मधोमध एकच गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल, लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोचायची. गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, म्हणजे १.७ किलो लागतात. तुमच्या पाच गुंठ्यांना साडेआठ किलो. चुका होतात त्या इथेच. पिशवी उघडी राहिली तर पावसाळी हवेने गोळ्यांचा लगदा होतो, म्हणून लागतील तेवढ्याच बादलीत काढा. पाणी जास्त साठलं असेल तर गोळी वरच राहते आणि खत वाहून जातं. खाचरात चिखलावर बोटभरच पाणी ठेवा. गोळी खोचल्यावर बोटाने चिखल ओढून भोक बुजवा. नंतर त्या चौकोनात पाय टाकू नका, वाटेतूनच चाला. पुढे युरियाचा वेगळा हप्ता देण्याची गरज नसते. शेजारच्याचं बघून दिलात तर भात माजतं आणि लोळतं.

आता रजेचं. तरवा २१ ते २५ दिवसांचा झाला की लावायचा असतो, म्हणून रजा पेरणीच्या तारखेवरून मोजा. मृगात, म्हणजे ८-१० जूनला पेरलं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी येते. रजा १० जुलैनंतरची असेल तर या पाच गुंठ्यांचा तरवा आठवडाभर उशिरा टाका आणि बियाणं हळवं (लवकर पिकणारं) घ्या, उदाहरणार्थ कर्जत ३. गरवं (उशिरा पिकणारं) भात असं मागे ढकलू नका. पाऊस लवकर गेला तर ते दाणा भरायच्या वेळी कोरडं पडतं.

मजूर वाचतील या आशेने मात्र हे करू नका. पहिल्या वर्षी दोरी धरून लावणी हळूच होते. बियाणं निम्म्यावर येतं, तरवा उपटायचं आणि वाहायचं काम घटतं आणि खत वाया जात नाही. फायदा तेवढाच. लावणाऱ्या बायकांचा हात दोरीला बसला की दुसऱ्या वर्षापासून वेग येतो.

घरचंच भात बियाण्याला ठेवतो. गेल्या वर्षी तरवा विरळ उगवला. यंदा विकतचं घ्यावं का? (दहिसर)

ते मे महिन्यातच कळू शकतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट वाळू देऊ नका आणि आठवड्याने मोजा. ८० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. ६०-६५ आले तर पेरताना तिसरा हिस्सा वाढवा. त्याखाली आले तर ते भात कांडून खा.

पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओता आणि ढवळा. वर तरंगेल ती पोल, ती काढून टाका. तळाचं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहिलं तर कोंब जळतो. मग सावलीत वाळवा आणि किलोला अडीच ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. कापणीच्या वेळी बियाण्यासाठी खाचराच्या मधलं भात राखून ठेवा. बांधालगतचं घेऊ नका, तिथे शेजारच्या वाणाची भेसळ असते. संकरित वाणाचं घरचं बियाणं ठेवू नये, पुढच्या वर्षी झाडं उंच-बुटकी, पुढे-मागे पिकणारी निघतात.

देवगड तालुक्यात हापूसची ४० कलमं आहेत, वय तिशीच्या पुढे. तीन वर्षं कराराने दिली होती. आता नवी पालवी तोकडी येते, पानं शेंड्याला गुच्छासारखी दिसतात. कल्टार जास्त झालं असेल का? (गिरगाव)

वर्णन तरी तसंच आहे. पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला बागेत सगळेच कल्टार म्हणतात, झाडाची वाढ रोखून मोहोर आणवतं. मात्रा जास्त झाली किंवा दरवर्षी पूर्ण मात्रा पडली की दोन पेरांमधलं अंतर घटतं आणि पानं गुच्छात येतात. मोहोराचे तुरेही आखूड आणि दाट होतात. असे तुरे नीट वाळत नाहीत, त्यांच्यात तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग घर करतात.

मात्रा झाडाच्या वयावर ठरत नाही, घेरावर ठरते. फांद्यांचा घेर पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी काढायची आणि दर मीटरला ३ मिलिलिटर धरायचं. आठ मीटर घेराच्या कलमाला २४ मिलिलिटर. हे चार-पाच लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध गोल आखून, त्यावर दहा-बारा सेंटीमीटर खोल २५-३० भोकं पाडून सारखं वाटायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी बुंध्याभोवतीचं गवत काढलं नाही तर औषध गवतालाच जातं. मग कामगार म्हणतो ‘लागलं नाही’ आणि पुन्हा घालतो. मात्रा दुप्पट होण्याचं एक कारण हे. दुसरं कारण म्हणजे करार संपायच्या वर्षी हात सैल सुटतो.

यंदा घालू नका, शक्य तर पुढच्या वर्षीही नको. आंबा उतरला की मेलेल्या आणि आतल्या गर्दीच्या फांद्या काढा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. पावसाच्या सुरुवातीला प्रत्येक कलमाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश द्या. बुंध्याशी देऊ नका. घेराच्या कडेपासून हातभर आत दीड फूट रुंद आणि वीतभर खोल चर काढून त्यात द्या. अन्न घेणारी बारीक मुळं तिथे असतात. पाऊस मुसळधार असेल तर दोन दिवस थांबा.

पुन्हा कराराने द्यायचीच असतील तर करारात कलमागणिक घेर आणि मिलिलिटरचा आकडा लिहा. औषध घालताना घरचं माणूस हजर राहील आणि शेणखत कोण घालणार, हेही लिहा. फक्त पैशांचा आकडा असलेल्या करारात झाडाची बाजू कोणीच घेत नाही.

आजोबांच्या नावावरच सातबारा आहे. आजोबा गेले, माझे वडीलही गेले. शेती काका कसतात. आम्ही कसत नाही म्हणून नाव लागणार नाही, असं गावी सांगतात. (लालबाग)

कसण्याचा आणि वारसाचा संबंध नाही. नोंद मात्र पायरीपायरीने होते. आधी आजोबांचे सगळे वारस, त्यांत आत्याही येतात. लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांचं नाव सुटत नाही. मग वडिलांच्या हिश्श्यावर तुम्ही, तुमची आई आणि भावंडं. आत्या हयात नसतील तर त्यांची मुलं. दोन्ही मृत्यूंचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ चा उतारा घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. अर्ज ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. फेरफाराची नोटीस सगळ्यांना निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण जितका उशीर तितक्या सह्या वाढतात.

एखादी आत्या हक्क सोडायला तयार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. स्टॅम्पपेपरवर घरी घेतलेल्या सहीवर फेरफार होत नाही. शिवाय वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. नावं सामाईक लागतात, कोणता तुकडा कोणाचा हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी सगळ्यांच्या संमतीने नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज लागतो.

काकांशी बोलताना ई-पीक पाहणीची आठवण करून द्या. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे, तीही शेतात उभं राहून फोटो काढून. ती राहून गेली तर सातबाऱ्याच्या बारा नंबरात, म्हणजे पिकांच्या नोंदीत, भात दिसत नाही आणि हमीभावाच्या केंद्रावर काकांचंच भात अडतं. तुम्ही गावी असताना हे काम करून दिलंत तर नावाची गोष्ट काढणंही सोपं जाईल.

आई साठीची आहे, लावणीत दिवसभर अनवाणी असते. पायाला चिखल्या होतात. लेप्टोची भीती वाटते. (विक्रोळी)

भीती रास्त आहे. उंदीर आणि गुरं यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खाचराच्या पाण्यात येतात आणि चिखल्या, भेगा, खरचटलेली जागा इथून शरीरात शिरतात. गमबूट घ्या असं सगळे सांगतात, पण लावणीच्या चिखलात ते रुततात आणि कोणी घालत नाही. ते गोठ्यात, बांधाच्या कामात आणि बेणणीला वापरावेत. लावणीत निदान जखम चिकटपट्टीने बंद करून आईंना उतरू द्या. संध्याकाळी साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग भेगांना कोकमाचं तेल. ओल्या पायाला तेल लावून उपयोग नाही, चिखल्या आतून वाढतात. लावणीच्या दिवसांत आठवड्याला डॉक्सिसायक्लिन घेण्याबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने देऊ नका.

ताप, पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल होणं, ही तीन एकत्र दिसली की त्याच दिवशी केंद्रात न्या आणि ‘शेतात उतरते’ हे डॉक्टरांना सांगा. तापाची गोळी देऊन लावणी उरकायला थांबू नका. उपचार लांबला तर मूत्रपिंड आणि यकृतावर येतं.

पत्रात विचारलं नाही, तरी फुरसं या विषारी सापाचंही लिहायला हवं. गडग्याच्या दगडांत आणि पेंढ्याच्या उडवीत हात घालण्याआधी काठीने हलवा. चावलंच तर कापू नका, दोरी आवळू नका. पाय लाकडाच्या पट्टीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहा आणि थेट दवाखाना गाठा. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवतात, ते गोठतं का हे बघायला. त्या वेळात घाई करू नका.

बैलजोडी विकली. २० गुंठ्यांसाठी पॉवर टिलर घ्यावा का? (कांदिवली)

नको, भाड्याने करा. वर्षाचे दोन-तीन दिवस चालणारं यंत्र उरलेले दिवस पडवीत गंजतं. भाड्याने आणताना दोन गोष्टी बघा. चिखलणीला लोखंडी चाकं लावलेली असावीत. आणि चालवणाऱ्याला खोल जाऊ देऊ नका. खाचराच्या तळाशी वर्षानुवर्षांच्या चिखलणीने बसलेला घट्ट थर असतो, पाणी त्याच्यावरच टिकतं. तो फुटला की खाचर गळकं होतं आणि पुन्हा बसायला काही पावसाळे जातात. कोपरे हाताने खणावे लागतील. खेकड्यांची बिळं दगड-चिखलाने आधी बुजवा, नाहीतर चिखलणीचं पाणी रातोरात खालच्या शेजाऱ्याकडे.

बैलांबरोबर शेणही गेलं, हा हिशेब बहुतेकांना उशिरा सुचतो. त्याची भरपाई गिरिपुष्पाच्या पाल्याने काही अंशी होते.

आजी म्हणते, आमच्या शेतात पाच खंडी पिकायचं. म्हणजे किती किलो? (परळ)

खंडी म्हणजे वीस मण, पण मण किती पायल्यांचा (पायली म्हणजे धान्य मोजायचं भांडं) हे गावागणिक बदलतं, त्यामुळे छापील कोष्टकावर जाऊ नका. आजींना मण किती पायल्यांचा ते विचारा, घरातली जुनी पायली काढा, वाळलेलं भात भरून काट्यावर ठेवा आणि गुणाकार करा. येणारा आकडा भाताचा. गिरणीतून शंभर किलोला साधारण ६५ किलो तांदूळ पडतो, जुन्या गिरणीत कणी जास्त. पायली शिगेने भरायची की वरून हात फिरवून सपाट, हेही आजींनाच विचारून घ्या. पाच खंडीच्या हिशेबात त्याने पोत्यांचा फरक पडतो.